जपानी आरपीजी आणि व्हिज्युअल नॉव्हेल: पहिल्यांदा खेळणार असाल तर वही-पेन घेऊन बसा

गेल्या दिवाळीत माझ्या आत्तेभावानं एक जपानी आरपीजी (रोल-प्लेइंग गेम) विकत घेतला, अडीच तास खेळला आणि मला फोन लावला. "हे सुरू कधी होतंय? नुसती माणसं बोलायलेत, मी एंटर दाबायलोय." मी म्हटलं थांब की जरा, अजून गावात पण पोचला नाहीस. तो कसला थांबतोय, अनइन्स्टॉल करून क्रिकेटचा गेम लावून बसला. पैसे पण परत मिळाले नाहीत, का ते खाली येईलच. त्याच्यासारखे अजून चार-पाच जण विचारून गेले, प्रत्येकाला तेच तेच सांगून दमलो, म्हणून एकदाच लिहून टाकतो.

मी काय मोठा तज्ज्ञ नाही. उद्यमबागेत एका कारखान्याच्या ऑफिसात हिशोब बघतो, सहाला सुटतो, वडगावात घरी येऊन जेवणखाण आटपून साडेनऊ ते अकरा एवढाच वेळ मिळतो. सात-आठ वर्षं असंच चाललंय. त्यात जेवढे धक्के खाल्ले तेवढं सांगतो, बाकी तुमचं तुम्ही बघा.

आधी एक गोष्ट, हे दोन प्रकार वेगळे दिसतात खरं यांचं घराणं एकच. आरपीजीत तुम्ही चार-पाच माणसांची टोळी घेऊन गावोगाव फिरता, लढता, लेव्हल वाढवता. व्हिज्युअल नॉव्हेलमध्ये चित्र, आवाज आणि खाली मजकूर, वाचत जायचं आणि मधे कुठंतरी काय करायचं ते निवडायचं. युजी होरिई नावाच्या माणसानं १९८३ साली 'पोर्टोपिया' नावाचा खुनाच्या तपासाचा गेम केला, जो आजच्या व्हिज्युअल नॉव्हेलचा आजोबा मानतात, आणि त्याच माणसानं १९८६ साली 'ड्रॅगन क्वेस्ट' काढला, ज्याच्यावरून पुढचे सगळे जपानी आरपीजी निघाले. त्यामुळं आरपीजीत पण वाचायला भरपूर असतं, हे मनाशी धरूनच बसा. वाचनाचा कंटाळा असेल तर इथंच थांबलात तरी चालेल, राग नाही.

काय काय लागतं

- लॅपटॉप किंवा बरा फोन
- इअरफोन, कारण संगीत हा अर्धा गेम असतोय
- दोनशे पानी वही आणि पेन
- स्टीमचं अकाउंट (गेम विकणारं ऑनलाइन दुकान), यूपीआय चालतं
- कंट्रोलर असला तर उत्तम, नसला तर कीबोर्ड
- कामचलाऊ इंग्रजी. मराठीत किंवा कन्नडात हे गेम येत नाहीत, वाट बघू नका

१. आपलं मशीन काय झेपतंय ते बघा

माझा पहिला लॅपटॉप सेकंडहँड होता, ४ जीबी रॅम, ग्राफिक्स कार्ड नाही. त्याच्यावर व्हिज्युअल नॉव्हेल सगळ्या चालल्या, जुन्या फायनल फँटसीच्या पिक्सेल रीमास्टर (नव्यानं सजवलेल्या आवृत्त्या) चालल्या, सेटिंग कमी करून 'पर्सोना ४ गोल्डन' पण चालला. 'पर्सोना ५ रॉयल'ला मात्र चांगलं कार्ड लागतं आणि डिस्कवर ४० जीबीच्या आसपास जागा लागते, ते डाउनलोड करायला घरच्या नेटवर माझ्या दोन रात्री गेल्या.

फोनवर 'क्रोनो ट्रिगर', फायनल फँटसीचे पहिले सहा, 'एस अटॉर्नी' हे सगळं मिळतं. निपाणी-बेळगाव बसमधे मी अख्खी एक कोर्टाची केस संपवलीय. खरं बॅटरी खातं, चार्जर घेऊन बसा.

२. पहिला गेम नीट निवडा

बहुतेक लोक इथंच चुकतात. यूट्यूबवर कुणीतरी सांगितलं 'पर्सोना ५' जगात भारी आहे, घेतला, शंभर तासांचा गेम, दहाव्या तासाला सोडला. भारी आहेच तो, वाद नाही. खरं पहिल्यांदा पोहायला शिकताना घटप्रभेत उडी मारत नाहीत.

माझं मत, पहिला 'क्रोनो ट्रिगर'. १९९५ चा, वीस-पंचवीस तासांत संपतोय, चित्रं 'ड्रॅगन बॉल'वाल्या अकिरा तोरियामांची, आणि मुख्य म्हणजे बहुतेक शत्रू समोर दिसतात, चालता चालता अचानक अंगावर येत नाहीत.

सुरुवातच बघा. आई पोराला सकाळी उठवते, आज जत्रा आहे म्हणते. तुम्ही जत्रेत जाता, एका मुलीला धडकता, तिच्या गळ्यातलं लॉकेट खाली पडतं. आता आधी मुलीला लागलं का विचारायचं का आधी लॉकेट उचलायचं? मी लॉकेट उचललं, गेम आहे म्हटल्यावर चमकणारी वस्तू आधी उचलायचीच. पुढे एका टेबलावर कुणाचा तरी डबा ठेवलेला, बटन दाबलं तर आमचा हिरो तो खाऊन मोकळा. एका लहान मुलीचं मांजर हरवलेलं, ते कोण शोधत बसतंय म्हणून सोडून दिलं. मग बऱ्याच वेळानं हिरो कोर्टात उभा राहतोय आणि एकेक साक्षीदार येतोय. तो डबावाला म्हातारा येतोय! यानं माझं जेवण खाल्लं म्हणून सांगतोय! मी खुर्चीत सरळ बसलो. जत्रेत केलेलं सगळं कुणीतरी लिहून ठेवलं होतं आणि मला वाटत होतं मी नुसती बटनं दाबायलोय.

एवढं एक फोडलं, माफ करा, पुढचं काही सांगत नाही. हे एकदा अनुभवलं की जपानी गेममधे कुणी बोलत असेल तर ऐकून घ्यायची सवय आपोआप लागते.

दुसरा पर्याय 'ड्रॅगन क्वेस्ट ११ एस'. मोठा आहे, खरं त्याचा डेमो फुकट आहे आणि डेमोत खेळलेलं पुढे पूर्ण गेममधे चालतं. कोर्टकचेरी आवडत असेल तर 'एस अटॉर्नी'चे पहिले तीन, एकत्र मिळतात. आणि एकदम छोटं काहीतरी पाहिजे असेल तर 'प्लॅनेटेरियन', चार-पाच तास, त्याच्याबद्दल पुढे येतोय.

३. विकत घेताना

स्टीमवर पैसे परत मागायची मुदत १४ दिवस, आणि खेळलेला वेळ दोन तासांच्या आत पाहिजे. आता गंमत बघा, 'पर्सोना ४' मधे पहिले दोन-तीन तास नुसती ओळख-पाळख चालते. म्हणजे गेम सुरू व्हायच्या आधी मुदत संपते. आत्तेभावाचं हेच झालं. म्हणून डेमो असला तर आधी तो, नसला तर कुणाचातरी पहिला अर्धा तास यूट्यूबवर बघा, मगच पैसे टाका. घाई नको, उन्हाळ्यात आणि डिसेंबरात सेल लागतात.

अजून एक. जुन्या बऱ्याच व्हिज्युअल नॉव्हेल मुळात प्रौढांसाठी होत्या, नंतर त्यांच्या सगळ्यांना चालतील अशा आवृत्त्या निघाल्या. दुकानाच्या पानावर खाली इशारा लिहिलेला असतोय, तो वाचा. लॅपटॉप हॉलमधे असेल आणि पाठीमागं आई भाजी निवडायला बसली असेल तर दोनदा वाचा.

४. सेव्ह करायला शिका, आणि एकावर अवलंबून राहू नका

जुलैतली रात्र, बाहेर धो धो. मी एका जुन्या गेमच्या डन्जनमधे, म्हणजे शत्रूंनी भरलेल्या भुयारात, तळाला पोचलेला, साडेअकरा वाजलेले, लॅपटॉपची बॅटरी कधीच मेलेली म्हणून नुसता वायरवर चालायचा. लाइट गेली. पडदा काळा. तीन तासांचं काम गेलं, मी अंधारात तसाच बसून राहिलो, आज्जी आतून विचारते "झोपलं काय?" गेमची चूक नव्हती, सेव्ह करायची जागा वर मागं सोडून आलो होतो, म्हटलं बॉस, म्हणजे शेवटचा मोठा शत्रू, मारूनच येऊ.

तर नियम असे.

सेव्हची जागा दिसली की सेव्ह. परत मागं जावं लागलं तरी सेव्ह. ऑटोसेव्ह आहे म्हणून निर्धास्त राहू नका.

कमीत कमी तीन जागी सेव्ह फिरवत ठेवा. एकाच जागी करत राहिलात आणि अशा ठिकाणी सेव्ह केलं जिथून बॉस मारता येत नाही आणि मागं पण जाता येत नाही, तर सगळं पहिल्यापासून. प्रत्येक वेळी वहीत एक ओळ लिहा, "सेव्ह २, डोंगराच्या पायथ्याशी, बर्फाचं हत्यार घेतलंय, पुढं म्हाताऱ्याला भेटायचं". तुम्हाला वाटेल वेडेपणा आहे. गणपतीच्या धांदलीत पंधरा दिवस गेम उघडला नाही की कळतंय त्या ओळीची किंमत, नाहीतर हिरो कुठं उभा आहे आणि का, काही आठवत नाही.

आणि स्टीमचं क्लाउड सेव्ह, म्हणजे नेटवर ठेवलेली सेव्हची प्रत. नेट नसताना खेळलात की नंतर ते विचारतं, कुठलं सेव्ह ठेवू, या मशीनवरचं का क्लाउडवरचं? घाईत चुकीचं दाबलं तर ताजं खेळलेलं पुसलं जातं. दोन्हींची तारीख आणि वेळ वाचा, मगच दाबा.

आपण तरी सुखी आहोत. पहिल्या 'ड्रॅगन क्वेस्ट'मधे सेव्ह नव्हतंच, राजा तुम्हाला २० अक्षरांचा मंत्र द्यायचा, तो जपानी पोरं वहीत उतरून घ्यायची आणि दुसऱ्या दिवशी टाइप करायची. दुसऱ्या भागात तो ५२ अक्षरांपर्यंत गेला. एक अक्षर चुकलं की सगळी मेहनत पाण्यात. बॅटरीवर सेव्ह होणं १९८८ साली तिसऱ्या भागात आलं.

५. लढाई

नवीन माणूस फक्त अटॅक दाबतोय. लहानसहान शत्रूंना चालतंय ते, बॉसपुढे नाही. प्रत्येक गेमचं आपलं एक कुलूप असतं. 'पर्सोना'त शत्रूची कमजोरी शोधायची, आग का वीज का वारा, ती लागली की तो पडतो आणि तुम्हाला अजून एक डाव मिळतो. 'ड्रॅगन क्वेस्ट'मधे बॉसपुढे आधी आपली ताकद वाढवायची, त्याचं संरक्षण पाडायचं, मग मारायचं. पहिले दोन डाव मारण्यात घालवले नाहीत म्हणून बिघडत नाही.

फायनल फँटसीत एक मजा आहे, भुताखेतांना औषध दिलं की त्यांना लागतंय. सहाव्या भागात एक भुताची आगगाडी अंगावर येते, तिच्यावर मेलेल्याला जिवंत करायचं औषध, फिनिक्स डाउन, एकदा टाकलं की गाडी खलास. मी चाळीस मिनिटं तलवारीनं ठोकत बसलो होतो, मग कुणीतरी सांगितलं.

आणि औषधं वापरा हो. शेवटाला लागतील शेवटाला लागतील म्हणून सगळेच साठवतात, पाहुण्यांसाठी काढून ठेवलेल्या काचेच्या कपांसारखं. माझा पहिला फायनल फँटसी संपला तेव्हा पिशवीत भारीतली अकरा औषधं तशीच पडून होती.

हरायला घाबरू नका. 'ड्रॅगन क्वेस्ट'मधे सगळे मेले तर तुम्ही परत चर्चमधे उभे राहता, निम्मे पैसे जातात, खरं कमावलेला अनुभव राहतोय. म्हणून मोठ्या लढाईआधी पैसे बँकेत टाका, तशी सोय आहे.

अडकलात तर तासभर फिरून लेव्हल वाढवायची, याला ग्राइंडिंग म्हणतात. मी हे हिशोबाच्या महिनाअखेरीला करतो, डोकं चालत नसतं तेव्हा बरं पडतं.

६. नाती आणि नावं इंग्रजीत नाही, मराठीत वाचा

हा मुद्दा कुठल्याच इंग्रजी गाइडमधे नाही, म्हणून सावकाश सांगतो.

'पर्सोना ४' घ्या. शहरातला एक शाळकरी मुलगा वर्षभरासाठी इनाबा नावाच्या लहान गावात येतोय. पोलिसात असलेल्या 'अंकल'कडे राहतोय, त्या अंकलची लहान मुलगी त्याला 'बिग ब्रो' म्हणते. इंग्रजीत वाचताना कोरडं वाटतं, अंकल म्हणजे कोण, काका का शेजारी? खरं गेममधे स्पष्ट आहे, तो आईचा धाकटा भाऊ. म्हणजे मामा! म्हणजे पोरगा शिकायला मामाच्या गावी आलाय, मामी नाही, मामाला ड्युटीमुळं वेळ नाही, आणि एवढीशी मामेबहीण घर सांभाळते, टीव्ही बघत एकटी बसते, आधी लाजते आणि हळूहळू त्याला दादा म्हणायला लागते. आता वाचा परत. आमच्या गल्लीत शिकायला मामाकडं राहिलेली किती पोरं दाखवू? खानापूर तालुक्यातून येऊन शहरात मामाकडं जेवून कॉलेज केलेले निम्मे लोक आमच्या ऑफिसात आहेत. ती नानाको नावाची पोरगी पहिल्यांदा दादा म्हणते तिथं मला जे झालं ते 'बिग ब्रो' वाचून कुणाला होणार नाही. त्याच गावात मोठं स्टोअर आलंय आणि बाजारपेठेतली जुनी दुकानं बसायला लागलीत, हे पण समजावून सांगायची गरज नाही.

म्हणून काय करायचं, वहीत एका पानावर पात्रांची यादी करा आणि समोर नातं मराठीत लिहा. मामा, मावसभाऊ, मोठी जाऊ, गुरुजी, गल्लीतली काकू. जपानीत नावामागं 'सान' आलं की आपलं 'जी' किंवा 'राव' धरा, 'चान' आलं की लाडानं, 'सामा' आलं की फार मोठा मान, 'सेनपाई' म्हणजे वरच्या वर्गातला. कोण कुणाला काय म्हणतंय आणि ते कधी बदलतंय याच्यावर नजर ठेवा. अहो-जाहो करणारा एकदम अरे-तुरेवर आला तर आपल्याकडं जेवढं कळतं तेवढंच तिथं कळतं, इंग्रजीत सगळ्याला 'यू'.

आता 'मी'चं बघा. जपानीत 'मी'ला बरेच शब्द आहेत. 'वाताशी' सभ्य, कुणीपण वापरतं. 'ओरे' रांगडा, पुरुषी. 'बोकु' सहसा मुलगे म्हणतात, खरं गेममधे काही मुली पण 'बोकु' म्हणतात आणि ते म्हटल्याबरोबर जपानी माणसाला त्या मुलीबद्दल काहीतरी कळतं. इंग्रजीत तिन्हीचं 'आय'. सपाट.

इथं मी मधेच हसतो. कारण इतका वेळ सांगतो, खेळतो, बसलो वाचून तुम्ही मला दादा धरून चालला असणार. मी मुलगी आहे. आमच्या घरात आई "मी बाजारला जाऊन येतो" म्हणते, आज्जी "मी जेवलो" म्हणते, बेळगाव-कोल्हापूरकडं हे असंच आहे. पुण्यात हॉस्टेलला पहिल्या दिवशी "मी जेवलो" म्हटलं तर खोलीतल्या तिघी हसून लोळल्या. महिनाभर मी 'जेवले, आले, गेले' म्हणायचा सराव केला, बसनं संकेश्वर ओलांडलं की परत 'आलो'. आता 'बोकु'वाल्या मुलीचं हुबेहूब असंच आहे असं नाही, ती ते निवडून म्हणते, आम्ही जन्मल्यापासून म्हणतो. खरं एका शब्दावरून समोरचा आपल्याला कुठल्या खान्यात टाकतो हे मला कुणी शिकवायला नको. तर आवाज जपानी ठेवा, मजकूर इंग्रजी ठेवा, कान उघडे ठेवा. दोन-तीन गेम झाले की 'ओरे' आणि 'बोकु' वेगळे ऐकू यायला लागतात.

भाषांतरात बाकी पण उलटापालट होते. 'एस अटॉर्नी'तला वकील जपानीत नारुहोदो, म्हणजे 'अच्छा, आलं लक्षात' असं त्याचं आडनावच. इंग्रजीत तो फीनिक्स राइट झाला, गोष्ट अमेरिकेत नेली, आणि त्याची जोडीदारीण जी रामेनवर जीव टाकायची ती बर्गर खायला लागली. मग जपानी देवळं आणि कागदी दारं असलेल्या घरात बसून बर्गरच्या गप्पा. गोंधळू नका, गेम बिघडलेला नाही.

७. व्हिज्युअल नॉव्हेल वाचायची पद्धत

पहिली 'प्लॅनेटेरियन' वाचा. २००४ ची, निवडायचं काहीच नाही, फक्त वाचायचं. युद्धानंतरचं ओसाड शहर, पाऊस थांबतच नाही, एका मोठ्या दुकानाच्या गच्चीवरच्या तारांगणात एक यंत्रमुलगी गिऱ्हाइकाची वाट बघत उभी आहे. मी ती जांबोटीला मावशीकडं आषाढात वाचली, बाहेर तीन दिवस पाऊस, आत पण पाऊस. यापेक्षा जास्त सांगत नाही.

मग निवडी असलेल्या घ्या. कामाच्या चार गोष्टी सांगतो. निवड आली की आधी सेव्ह, इथं सेव्हच्या जागा भरपूर असतात, कंजुषी नको. माउसचं चाक वर फिरवलं की बहुतेकांत मागचं बोलणं परत वाचता येतं. कंट्रोल दाबून धरलं की मजकूर पळतो, दुसऱ्यांदा खेळताना वापरा, खरं सेटिंगमधे 'फक्त वाचलेलं पळव' करून ठेवा नाहीतर नवीन पण पळून जातं. आणि ऑटो लावलं की जेवता जेवता वाचता येतं.

गोष्टीला फाटे फुटतात, त्याला रूट म्हणतात. एक संपला म्हणजे गेम संपला असं नाही. 'क्लॅनाड'मधे बहुतेकांचे रूट केल्याशिवाय गोष्टीचा खरा मोठा भाग उघडतच नाही, आणि माझी मैत्रीण पहिला शेवट बघून "ठीक होतं" म्हणून डिलीट करून बसली होती! 'स्टाइन्स गेट'मधे तर निवडीच वेगळ्या, मोबाइलवर मेल येतात, त्यातल्या अधोरेखित शब्दावर उत्तर द्यायचं, त्यावरून शेवट बदलतो. पहिला निम्मा भाग फार संथ आहे, मी दोनदा सोडला होता. तिसऱ्यांदा धरला आणि मग रात्री दोनपर्यंत जागलो, सकाळी ऑफिसात डेबिटच्या जागी क्रेडिट.

'दोकी दोकी लिटरेचर क्लब' फुकट आहे म्हणून सगळे आधी तीच उतरवतात. ती जपानी नाही, अमेरिकेत केलेली आहे, आणि गोड चित्रं बघून लहान भावंडांना देऊ नका, सुरुवातीचा इशारा खराच आहे.

एक सापळा. भाषांतर नसलेली जपानी गेम उतरवली तर विंडोजवर अक्षरांच्या जागी कचरा दिसतो, त्यासाठी सिस्टमची भाषा जपानी करावी लागते. करा खरं, फक्त नंतर परत बदलायला विसरू नका. आणि मशीनने केलेलं भाषांतर लावून लांबलचक गोष्ट वाचू नका, कोण बोलतंय तेच कळत नाही, जपानीत कर्ता गाळतात आणि मशीन मनाला येईल तो घालतं.

८. गाइड किती बघायची

पहिल्यांदा शक्यतो नको. खरं काही गोष्टी हुकल्या की परत येत नाहीत, तेवढ्यापुरती बघा. 'पर्सोना ५ रॉयल'मधे शाळेतल्या समुपदेशकाशी ओळख १८ नोव्हेंबरच्या आत पुरेशी वाढवली नाही तर शेवटचं अख्खं सत्र दिसतच नाही. गेम तुम्हाला सांगत नाही. असलं काही आहे का एवढंच शोधायचं, आणि लेखाच्या खाली जायचं नाही. खाली गेलं की खुनी कोण ते कुणीतरी लिहून ठेवलेलं असतंय.

९. कुणालातरी सांगत खेळा

हे मला उशिरा कळलं. 'हिगुराशी' वाचत होतो, २००२ पासून भागाभागानं आलेली, १९८३ च्या उन्हाळ्यातलं हिनामिझावा नावाचं डोंगरातलं गाव. आठ भाग, पहिले चार कोडं घालतात, पुढचे चार सोडवतात. रक्तपात आहे, सांगून ठेवतो. आज्जीला झोप येत नव्हती, विचारलं काय वाचायलीस एवढं. मग रोज रात्री मी तिला मराठीत सांगायला लागलो, रक्ताचं गाळून. मराठीत सांगायचं म्हटलं की नाती नीट लावावी लागतात, कोण कुणाच्या घरातलं, कुणाचा शब्द गावात चालतो, आणि सांगता सांगता मलाच दोन गोष्टी दिसल्या ज्या इंग्रजीत वाचताना निसटल्या होत्या.

त्या गावावर धरण येणार असतं. गाव बुडणार म्हणून लोकांनी लढा दिलेला असतो, आणि गावात कोण कुणाशी बोलत नाही त्याची मुळं तिथं असतात. आज्जीचं माहेर हुक्केरी तालुक्यातलं, हिडकलच्या पाण्याकडचं. तिथं हुन्नूरचं विठ्ठलाचं देऊळ धरणात गेलंय, उन्हाळ्यात पाणी उतरलं की वर येतं, ती लग्नानंतर एकदा बघून आली होती. धरणाचा भाग सांगितला तशी ती उठून बसली. खून कुणी केला, शाप खरा का खोटा, याच्याशी तिला काही देणंघेणं नव्हतं. रोज दिवा मालवताना एकच विचारायची, "त्यांचं धरण झालं काय गं मग?"